दोन अ‍ॅम्प, एक स्पीकर-जोडी: आवाज वाढवला की का फाटत होता?

तक्रार साधी होती. हळू आवाजात सगळं छान वाजतं, पण गाणं भरात आलं, ड्रमचे ठोके सुरू झाले की वरच्या पट्टीत आवाज फाटतो. तक्रार करणारे माझे एक ज्येष्ठ स्नेही. त्यांचा कान तयार आहे आणि त्यांना मोठ्या आवाजात ऐकायला आवडतं. त्यांच्याकडे जमिनीवर उभे राहणारे टू-वे स्पीकर आहेत. प्रत्येक स्पीकरमध्ये दोन वूफर (खालच्या सुरांसाठी) आणि एक ट्वीटर (वरच्या सुरांसाठी), आणि सिग्नल त्यांच्यात वाटणारा क्रॉसओव्हर २.५ किलोहर्ट्झच्या आसपास. माहितीपत्रकात इम्पीडन्स (सिग्नलच्या करंटला होणारा विरोध) ६ ओहम, किमान ४ ओहम असं दिलेलं. पाठीमागे टर्मिनलच्या दोन जोड्या, धातूच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या. हे सगळं चालवायला ८ ओहमला ४० वॉट देणारा, व्हॉल्यूमचा भाग (प्री-अ‍ॅम्प) आणि ताकदीचा भाग (पॉवर अ‍ॅम्प) एकाच डब्यात असलेला जुना इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर.

त्यांना कोणीतरी सल्ला दिला की मागे चार टर्मिनल आहेत म्हणजे दोन अ‍ॅम्प लावायची सोय आहे. मोठा अ‍ॅम्प बेसला लावा, जुना ट्रेबलला राहू द्या, ट्वीटरला अशी कितीशी पॉवर लागते! हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि ऐकताना तो पटतोही. त्यांनी ८ ओहमला १०० वॉटचा पॉवर अ‍ॅम्प आणला, पट्ट्या काढल्या, इंटिग्रेटेडच्या प्री-आउटमधून (व्हॉल्यूमच्या नॉबनंतरचा सिग्नल बाहेर देणाऱ्या सॉकेटमधून) नव्या अ‍ॅम्पला सिग्नल दिला. वरची टर्मिनलं जुन्या अ‍ॅम्पकडे, खालची नव्याकडे.

सुरुवातीला ते खूश होते. आवाज भरदार झाला आणि फाटणं जवळजवळ थांबलं. काही दिवसांनी मात्र त्यांच्या लक्षात आलं की झांजा मागे गेल्यात, गायिकेचा ‘स’ बोथट झालाय, आणि व्हॉल्यूम आणखी थोडा चढवला की फाटणं आहे ते आहेच. तेव्हा त्यांनी मला बोलावलं. त्यांचा प्रश्न नेमका होता: “दोन अ‍ॅम्प लावून फायदा झाला म्हणू की नाही?”

आधी जोडणी

दोन अ‍ॅम्प लावलेले दिसले की मी पहिल्यांदा पट्ट्या बघतो. त्या राहून गेल्या तर दोन अ‍ॅम्पची आउटपुट थेट एकमेकांना जोडली जातात. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स ओहमचा छोटासा अंश असतो, म्हणजे एका अ‍ॅम्पला दुसरा अ‍ॅम्प जवळपास शॉर्टसर्किटसारखाच दिसतो. अशात आउटपुट ट्रान्झिस्टर जळायला वेळ लागत नाही.

इथे पट्ट्या काढलेल्या होत्या. तरी अ‍ॅम्प बंद करून, स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवून मी मल्टिमीटर ओहमवर लावला. खालच्या जोडीवर साडेतीन ओहमच्या आसपास रीडिंग आलं. दोन वूफर समांतर असले की डीसी रेझिस्टन्स एवढाच असतो. वरच्या जोडीवर काहीच रीडिंग नाही, आणि तेही बरोबर, कारण ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो डीसी पुढे जाऊ देत नाही. मग वरचा काळा टर्मिनल आणि खालचा काळा टर्मिनल यांच्यात मोजलं: पूर्ण तुटक. स्पीकरच्या आत दोन्ही भाग खरोखर वेगळे आहेत याची ही खात्री. काही स्पीकरमध्ये, विशेषतः घरी बांधलेल्या, फक्त लाल बाजू वेगळी केलेली असते आणि काळी आत एकच असते. ब्रिज पद्धतीने काम करणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये, आणि लहान क्लास-डी अ‍ॅम्पपैकी पुष्कळ तसे असतात, काळा टर्मिनल ग्राउंड नसून त्यावरही सिग्नल असतो. अशा अ‍ॅम्पचा काळा टर्मिनल दुसऱ्या अ‍ॅम्पच्या काळ्याला जोडला तर नुकसान ठरलेलं.

नवा अ‍ॅम्प आल्यापासून स्पीकरमधून बारीक गुणगुण येत होती. दोन्ही अ‍ॅम्प वेगवेगळ्या सॉकेटवर होते, त्यामुळे ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंग आणि सिग्नल केबल यांचं बंद वेटोळं, तयार झाला होता. दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतलं, प्री-आउटची केबल आखूड केली, गुणगुण गेली. अर्थिंगची पिन काढून टाकायचा ‘उपाय’ कोणी सुचवला तर ऐकू नये. ती पिन माणसाच्या जिवासाठी आहे.

दोन अ‍ॅम्पची पातळी

झांजा मागे जाणं आणि आवाज भरदार होणं ही दोन लक्षणं एकत्र आली की मला पहिला संशय गेनचा येतो. गेन म्हणजे अ‍ॅम्प आलेल्या सिग्नलला किती पट मोठं करतो ते. वॉटचा त्याच्याशी थेट संबंध नाही. ४० वॉटच्या अ‍ॅम्पचा गेन १०० वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा जास्तही असू शकतो. एका स्पीकरचे दोन भाग दोन अ‍ॅम्पवर टाकले आणि गेन वेगळे असले, तर स्पीकर बनवणाऱ्याने ट्वीटर आणि वूफर यांच्यात जो तोल साधलेला असतो तो बिघडतो.

मोजायला फार काही लागत नाही. स्पीकरच्या वायरी सोडवल्या, १०० हर्ट्झचा सलग सूर लावला, मल्टिमीटर एसी व्होल्टवर. सूर खालचा घ्यायचा, कारण साधे मल्टिमीटर काही शे हर्ट्झच्या वर गेले की चुकीचे आकडे दाखवायला लागतात. टोन कंट्रोल आणि लाउडनेस बंद. (ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प असा लोडशिवाय चालवायला हरकत नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधीही असा चालवू नये, त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धोका असतो.)

व्हॉल्यूमचा नॉब फिरवून इंटिग्रेटेडच्या टर्मिनलवर बरोबर २ व्होल्ट आणले आणि नॉबला पुन्हा हात लावला नाही. त्याच वेळी पॉवर अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर २.८३ व्होल्ट. गुणोत्तर १.४१, म्हणजे ३ डेसिबल. खालचा भाग वरच्यापेक्षा ३ डेसिबल जोरात वाजत होता. क्रॉसओव्हर २.५ किलोहर्ट्झला असल्यामुळे हा ‘खालचा भाग’ म्हणजे नुसता बेस नव्हे. माणसाच्या गळ्याचा बहुतेक आवाज त्यातच येतो. भरदारपणा तिथून आला होता, आणि मागे राहिल्या त्या झांजा, ‘स’, आणि वाद्यांची धार.

आणखी एक मोजमाप मी नेहमी करतो, कारण त्यातून एका दगडात दोन पक्षी मारले जातात. मल्टिमीटरचं एक टोक एका अ‍ॅम्पच्या लाल टर्मिनलवर, दुसरं टोक दुसऱ्या अ‍ॅम्पच्या लाल टर्मिनलवर. मल्टिमीटर स्वतः नगण्य करंट घेतो, त्यामुळे यात धोका नाही. दोन्ही अ‍ॅम्प सिग्नल एकाच दिशेने देत असतील तर दोन व्होल्टेजमधला फरक दिसतो. एखादा अ‍ॅम्प सिग्नल उलटा करत असेल, आणि असे अ‍ॅम्प असतात, तर बेरीज दिसते. इथे ०.८३ यायला हवे होते आणि तेवढेच आले. ४.८३ आले असते तर एका अ‍ॅम्पच्या स्पीकर-वायरींची अदलाबदल करावी लागली असती, नाहीतर क्रॉसओव्हरच्या आसपास दोन भाग एकमेकांना खात राहिले असते.

नव्या पॉवर अ‍ॅम्पला मागे लेव्हलचे नॉब होते. ते कमी करत गेलो तसा लाल-ते-लाल आकडा खाली येत गेला, आणि २० मिलिव्होल्टच्या आत आल्यावर थांबलो. २ व्होल्टवर २० मिलिव्होल्ट म्हणजे एक टक्का, ०.१ डेसिबलपेक्षाही कमी. दोन्ही चॅनल असेच जुळवले. अशा शून्याकडे जाणाऱ्या मोजणीत जी नेमकी पकड येते ती दोन आकडे वेगवेगळे वाचून येत नाही.

स्पीकर परत जोडले. झांजा जागेवर आल्या, ‘स’ स्पष्ट झाला. आणि मोठ्या आवाजात फाटणं पहिल्यासारखं परत आलं.

फाटणं कमी का झालं होतं?

स्नेही जरा खट्टू झाले. तुम्ही बरोबर केलंत आणि बिघडलं, असा त्यांचा चेहरा. पण या प्रकरणातली खरी गोम इथेच होती. नवा अ‍ॅम्प ३ डेसिबल जोरात वाजत असल्यामुळे त्यांना हवा तेवढा आवाज व्हॉल्यूमचा नॉब थोडा खालीच असताना मिळत होता. म्हणजे ट्वीटरकडच्या जुन्या अ‍ॅम्पला तेवढ्याच आवाजासाठी १.४१ पट कमी व्होल्टेज द्यावं लागत होतं. तो आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नव्हता. फाटणं कमी झालं ते ट्वीटर हळू वाजवून. पातळी जुळवली, नॉब वर गेला, आणि जुना अ‍ॅम्प पुन्हा आपल्या छताला डोकं आपटू लागला.

“पण तो तर आता फक्त ट्वीटर चालवतोय,” ते म्हणाले. “बेसचा भार त्याच्यावरून काढलाय ना?”

भार काढला हे खरं. पण बेस काढलेला नव्हता.

याच्यासाठी मी एक प्रयोग केला आणि तो ज्याला शक्य आहे त्याने करून बघावा. पॉवर अ‍ॅम्पच्या वायरी स्पीकरच्या खालच्या टर्मिनलवरून काढल्या. आता फक्त ट्वीटर वाजणार. भरपूर बेस असलेला, ज्यावर फाटण्याची तक्रार होती तोच ट्रॅक, आणि व्हॉल्यूम त्यांच्या नेहमीच्या मोठ्या जागेवर. खोलीत फक्त झांजांची सळसळ, गाण्यातले ‘स’ आणि ‘श’, तारांचा वरचा झणत्कार. बेस अजिबात नाही. आणि तरीही जिथे जिथे मोठ्या ड्रमचा ठोका पडायला हवा, तिथे तिथे ट्वीटरमधून बारीक ‘चर्र’ ऐकू येत होतं. ठोका ऐकू येत नाही, पण त्याचा ताल त्या चरचरीतून सहज मोजता येतो. व्हॉल्यूम जरा खाली केला की चरचर एकदम नाहीशी, सळसळ तशीच. स्नेह्यांनी कान जवळ नेला, मान हलवली आणि म्हणाले, “हाच तो.”

कारण असं. या जोडणीत क्रॉसओव्हर स्पीकरच्या पोटात आहे, म्हणजे अ‍ॅम्पच्या नंतर. दोन्ही अ‍ॅम्पना प्री-आउटकडून तोच, संपूर्ण सिग्नल मिळतो: बेससकट. दोन्ही अ‍ॅम्प संपूर्ण सिग्नलचं व्होल्टेज तयार करतात. ट्वीटरकडचा भाग बेसच्या फ्रीक्वेन्सीला करंट घेत नाही, कारण तिथे कपॅसिटरचा इम्पीडन्स मोठा असतो. त्यामुळे अ‍ॅम्प थंड राहतो, त्याच्या पॉवर सप्लायवर ताण कमी येतो. पण अ‍ॅम्पची वरची मर्यादा व्होल्टची असते. ८ ओहमला ४० वॉट म्हणजे सुमारे १८ व्होल्ट, आणि तरंगाच्या शिखराला सुमारे २५ व्होल्ट. १०० वॉटच्या अ‍ॅम्पचं शिखर ४० व्होल्ट. करंट कमी जातो म्हणून जुन्या अ‍ॅम्पचं छत २५ च्या थोडं वर सरकत असेल, पण ४० होत नाही.

समजा ड्रमचा ठोका ६० हर्ट्झचा आहे आणि त्याचं शिखर ३२ व्होल्टपर्यंत जायला हवं. मोठा अ‍ॅम्प ते सहज देतो, वूफर स्वच्छ वाजतो. छोटा अ‍ॅम्प २५ ला अडतो आणि तरंगाचा माथा सपाट कापला जातो. ६० हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या तरंगात हे सपाट पठार साधारण साडेतीन मिलिसेकंद टिकतं. तेवढ्या वेळात दोन गोष्टी होतात. एक, त्या माथ्यावर स्वार असलेला झांजेचा बारीक सिग्नल पुसला जातो. दोन, कापलेल्या कडांमधून मूळ सुरात नसलेल्या वरच्या फ्रीक्वेन्सी तयार होतात. त्यातल्या २.५ किलोहर्ट्झच्या वरच्या सगळ्यांना ट्वीटरकडची वाट मोकळी असते. म्हणून बेसचा ठोका कापला गेला तरी फाटलेला ऐकू येतो तो ट्वीटर.

मग मी वायरींची जागा बदलली. ट्वीटरला १०० वॉटचा अ‍ॅम्प, वूफर अजून सुटेच. तोच ट्रॅक, नॉब तिथेच. चरचर नाही. यानंतर समजावून सांगण्यासारखं फारसं उरलं नाही.

“ट्वीटरला कितीशी पॉवर लागते” हे वाक्य वॉटच्या हिशोबाने खरं आहे. ट्वीटर खरोखरच फार थोडे वॉट खातो. पण अशा जोडणीत, म्हणजे पॅसिव्ह बाय-अ‍ॅम्पिंगमध्ये ट्वीटरकडच्या अ‍ॅम्पला बेसएवढेच व्होल्ट द्यावे लागतात, आणि सल्ला देणारे नेमकं हेच विसरतात. छोटा अ‍ॅम्प कुठे लावायचाच असेल तर निदान ट्वीटरला लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग दुसऱ्या अ‍ॅम्पचं करायचं काय?

स्नेह्यांचा पुढचा विचार साहजिक होता: तसाच दुसरा १०० वॉटचा अ‍ॅम्प आणला तर? मी म्हटलं, आधी एकच मोठा अ‍ॅम्प पूर्ण स्पीकरला लावून ऐका. पट्ट्या परत बसवल्या, इंटिग्रेटेडला फक्त प्री-अ‍ॅम्पचं काम दिलं, पॉवर अ‍ॅम्पने दोन्ही भाग चालवले. मोठ्या आवाजात फाटणं नाही. ज्या ट्रॅकवर तक्रार होती तो त्यांनी दोनदा पूर्ण ऐकला.

मग मधल्या आवाजाला, जिथे कोणताच अ‍ॅम्प मर्यादेजवळ जात नाही तिथे, आम्ही एक अ‍ॅम्प आणि दोन अ‍ॅम्प अशी तुलना केली. पातळी मल्टिमीटरने जुळवलेली, ते यंत्रांकडे पाठ करून बसलेले, जोडणी कोणती आहे हे त्यांना न सांगता. त्यांना ओळखता आलं नाही. मी बसलो तेव्हा मलाही नाही. पातळी न जुळवता केलेल्या तुलनेवर मी विश्वास ठेवत नाही, कारण अर्ध्या डेसिबलचा फरकही कानाला ‘जोर’ म्हणून कळत नाही, ‘दर्जा’ म्हणून कळतो. दोन अ‍ॅम्पची जी वर्णनं ऐकायला मिळतात, पडदा उठला, बेस घट्ट झाला, त्यातली कितीतरी गेनच्या फरकातून आलेली असणार.

दोन सारखे अ‍ॅम्प लावून १०० आणि १०० मिळून २०० वॉट होतात, हाही समज आहे. व्होल्टचं छत ४० चं ४०च राहतं. फायदा होतो तो करंटच्या बाजूने: अ‍ॅम्प ४ ओहमला दमत असेल, गरम होत असेल, पॉवर सप्लाय बसत असेल, तर भार वाटला गेल्याने तो सावरतो. त्यांचा नवा अ‍ॅम्प ४ ओहमला सहज चालत होता. तिथे दुसऱ्याला काही काम नव्हतं.

दोन अ‍ॅम्पचा खरा फायदा मिळतो तो विभागणी अ‍ॅम्पच्या आधी केली तर, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत. समजा बेसचं शिखर २० व्होल्ट आणि त्याच क्षणी ट्रेबलचं २० व्होल्ट. एकाच अ‍ॅम्पला दोन्ही द्यायचे तर ४० व्होल्ट हवेत, म्हणजे ८ ओहमला १०० वॉटचा अ‍ॅम्प. सिग्नल आधीच विभागला तर प्रत्येक अ‍ॅम्पला २० व्होल्ट पुरतात, म्हणजे २५ वॉटचे दोन. शिवाय बेसचा अ‍ॅम्प मर्यादेला गेला तरी त्याचे तुकडे ट्वीटरपर्यंत पोहोचत नाहीत, कारण मध्ये वाटच नाही. ट्वीटरला छोटा अ‍ॅम्प हा सल्ला इथे शंभर टक्के बरोबर आहे. बहुधा तो इथलाच असावा आणि तिकडे जाऊन बसला असावा.

त्यांना ही कल्पना आवडली. लगेच करू नका, असं मीच म्हटलं. अ‍ॅक्टिव्ह करायचं म्हणजे स्पीकरमधला क्रॉसओव्हर काढून ट्वीटर आणि वूफर थेट अ‍ॅम्पला जोडायचे. लिंकविट्झ आणि रायली या अभियंत्यांनी १९७६ मध्ये मांडलेला २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा (फ्रीक्वेन्सी दुपटीने बदलली की २४ डेसिबल उतरणारा) फिल्टर आज कुठल्याही डीएसपीमध्ये (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्रात) तयार मिळतो, फ्रीक्वेन्सी टाकली की झालं असं वाटतं. पण स्पीकरमधला क्रॉसओव्हर नुसती विभागणी करत नाही. ट्वीटर सहसा वूफरपेक्षा जोरात वाजतो, त्याला रेझिस्टर लावून खाली आणलेलं असतं. खोक्याच्या रुंदीमुळे खालच्या सुरांत येणारी घट भरून काढलेली असते. ट्वीटर आणि वूफर यांच्या आवाजाची वेळ जुळवलेली असते. हे सगळं मायक्रोफोन लावून, मोजून, नव्याने बसवावं लागतं. आणि ट्वीटरच्या वाटेतला कपॅसिटर गेला की अ‍ॅम्प चालू करतानाचा एक ठोका किंवा एक चुकीची जोडलेली केबल त्याला संपवू शकते. ज्याला हे काम स्वतः करायची हौस आहे त्याने ते जरूर करावं, फार शिकायला मिळतं. स्नेह्यांना गाणी ऐकायची होती. आणि त्यांची तक्रार एका पुरेशा मोठ्या अ‍ॅम्पने मिटली होती.

सध्या मांडणी अशी आहे: इंटिग्रेटेड प्री-अ‍ॅम्प म्हणून, त्याच्या स्पीकर टर्मिनलला काहीही जोडलेलं नाही. पॉवर अ‍ॅम्प दोन्ही स्पीकरना, पट्ट्या घट्ट बसवलेल्या. त्या सैल राहिल्या तर ट्वीटर अधूनमधून गप्प होतो, म्हणून नट हाताने पुन्हा आवळले. चालू करताना आधी इंटिग्रेटेड आणि शेवटी पॉवर अ‍ॅम्प, बंद करताना उलटं. पॉवर अ‍ॅम्पचे लेव्हल नॉब मी पूर्ण उघडले नाहीत. जुळवलेल्या जागीच ठेवले, कारण तिथे व्हॉल्यूमचा नॉब त्यांच्या सवयीच्या जागी फिरतो आणि ट्वीटरमधली सूंऽऽ पण कमी राहते.

एक शंका उरली होती. एवढे दिवस कापलेला सिग्नल खाल्लेल्या ट्वीटरना इजा झाली आहे का? कपॅसिटरमुळे बाहेरून ओहम मोजता येत नाहीत, म्हणून दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी ठेवले, पट्ट्या काढून फक्त ट्वीटरला मोनो पिंक नॉइज (दोन्हीकडे एकच, सगळ्या फ्रीक्वेन्सी असलेला सलग ‘सूंऽऽ’ आवाज) दिला आणि बॅलन्सचा नॉब डावीकडून उजवीकडे फिरवत राहिलो. एखादा ट्वीटर अर्धवट गेलेला असेल तर पोत बदलतो, आवाज बसका किंवा किरकिरा होतो. दोन्हीकडे सारखाच होता. मग सूर हळूहळू ३ पासून १२ किलोहर्ट्झपर्यंत चढवत नेला, कुठेही घरघर नाही. पट्ट्या परत लावल्या.